मोहोरबंद यादीची आणि अक्कासाहेबांच्या आवाजाची हकीकत

श्री.

ज्याच्यावाचून कोणतेही कार्य सुरू होत नाही, जो आधी आला म्हणजेच बाकीचे येतात, आणि जो स्वतः मात्र कोणाच्या येण्यावर अडून बसत नाही, त्या गजाननास प्रथम नमन. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेपासोन त्रयोदशीपर्यंत बारा दिवसांत एका राज्यी जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव सांगण्याची मनाई आहे. इतुकेच सांगावे की राज्य तीन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावर वसलेले, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे परचक्राचे भय मुळीच नाही. पुढे दरबार, मागे मुदपाकखाना, आणि मधल्या महाली त्या समयी बाळंतीण.

त्या राज्याचे अधिपती राजश्री विसाजीपंत. पेशा संगणकास हुकूम लिहून देण्याचा, ज्यास लोक प्रोग्रामर म्हणतात तो. वय बेचाळीस. पंत सहा वर्षांचे असता मातोश्री वारल्या, तेव्हां वडील भगिनी द्वारकाबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांनीच पंतांस न्हाऊ घातले, पाढे म्हणवून घेतले, परीक्षेस बसविले आणि मनुष्यांत आणले. सारे राज्य त्यांस अक्कासाहेब म्हणे. अक्कासाहेबांचा आवाज ऐसा की सज्जात उभे राहोन ‘विसू, जेवायला’ म्हणोन हाक दिली असता तीन गल्ल्या पलीकडील विसू नावाची आणखी दोन मुले निमूट आपापल्या घरी जेवावयास जात, रस्त्यावरील रिक्षा बाजूस होत, आणि एकदा तर दूरच्या टेकडीवर ती हाक जी अडकली ती दुसरे दिवशी बरोबर जेवणाच्या वेळेस परत आली, ऐसे जुने लोक सांगतात. परंतु दीड वर्षामागे अक्कासाहेबांचे कंठास गाठ जाहली, मग शस्त्रक्रिया जाहली, आणि जीव राहिला पण आवाज गेला. तेव्हांपासोन अक्कासाहेब पाटी आणि खडू जवळ बाळगून त्यावर लिहोन राज्यकारभार चालवीत. पाटीवरही त्यांचा दरारा तोच.

ऐसे असता द्वितीयेस सूर्योदयी पंतांस कन्यारत्न जाहले. लग्नास चौदा वर्षे जाहली होती, त्यामुळे आनंद किती जाहला ते लिहिता येत नाही; पेढे वाटता वाटता पंतांनी एक पेढा कुरियरवाल्यास आणि एक त्याच्या हातातील परक्याच्या पार्सलासही ठेविला. मग बारशाची तजवीज निघाली. त्या मुलखाची रीत ऐसी की बाराव्या दिवशी बाळास पाळण्यात घालावे, आणि बापाच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, बाळाचे कानी ‘कुर्रर्र’ करून नाव सांगावे, आणि त्या समयी बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालावे. नाव आत्यानेच योजावे, आणि बाळाच्या कानी पडण्याआधी ते कोणासही कळू नये. आता आत्या म्हणजे अक्कासाहेब, आणि अक्कासाहेबांस आवाज नाही. तेव्हां कोणी सुचविले की चुलत बहीण गोदूताई आहेत, त्यांस बोलवावे. अक्कासाहेबांनी पाटीवर लिहिले, ‘गोदूला बोलवा. मला चालेल.’ आणि मेथी निवडावयास बसल्या. परंतु पंतांनी पाहिले की ते चार शब्द लिहिण्याआधी पाटी तीन वेळा पुसली होती, आणि निवडलेली पाने व देठे एकाच ढिगात पडत होती. मग त्यांनी भर दरबारी प्रतिज्ञा केली की बारशाचे नाव अक्काच सांगेल, आणि आपल्या स्वतःच्या आवाजात सांगेल; गोदूताईस जेवणाचे आमंत्रण द्यावे, मानाचे देऊ नये.

प्रतिज्ञा पोकळ नव्हती. पंतांचे कचेरीत पूर्वी अंताजी नामे एक हुशार गृहस्थ होते, ते पुढे विलायतेस गेले. जाताना त्यांनी एक आवाजाचे यंत्र लिहून पंतांचे स्वाधीन केले होते. त्यास एखाद्या मनुष्याचे बोलणे पुष्कळ ऐकवावे, मग अक्षरे टंकून द्यावी, की यंत्राने तीच अक्षरे त्याच मनुष्याच्या आवाजात बोलावी. आणि अक्कासाहेबांचे बोलणे पंतांचे फोनात शिल्लक होते. शस्त्रक्रियेपूर्वी अक्कासाहेब रोज दुपारी पंतांस कचेरीत आवाजी निरोप पाठवीत. ऐसे निरोप चारशे बारा. पंत तेव्हां कामात गर्क. पहिले दोन शब्द ऐकोन उत्तरी नुसता अंगठा उमटवीत, ज्यास लिहिता वाचता येत नाही अशा मनुष्याप्रमाणे, आणि पुढील निरोप ऐकण्याचे राहोन जाई. आता यंत्रास द्यावयाचे म्हणोन पंतांनी कानात गुंड्या घालोन चारशे बाराही निरोप शेवटपर्यंत ऐकले. बहुतेकांची सुरुवात एकच, ‘विसू, जेवलास का?’ मग पुढे शेजारणीच्या सुनेचे वर्तमान, मग गवारीस शिरा निघाल्याची तक्रार, आणि एका निरोपात तर बोलणे संपले तरी बटण बंद करण्याचे राहिले होते, तेव्हां चार मिनिटेपर्यंत अक्कासाहेब तांदूळ निवडीत आपल्याशीच गुणगुणत होत्या. तो निरोप पंतांनी तीन वेळा ऐकला. सगुणाबाईसाहेब, म्हणजे पंतांचे कुटुंब, मधल्या महालातून पाहत होत्या. त्यांनी विचारले की डोळे का पुसता, तर पंत म्हणाले की ओव्याच्या धुरीने पाणी येते. धुरी अद्यापि पेटली नव्हती.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु चवथ्या दिवशी पंतांचे हातोन ती चूक जाहली जी पंतांच्या पेशाचे लोकच करतात. अंताजीचे यंत्र एकटे चालणारे नव्हते. त्यास चाकरीस दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजे लागत, म्हणजे कामाचे तयार सरदार, जे जगातील जाहीर कोठारातून मागवावे लागतात. कोणता सरदार, कोणत्या व्हर्जनचा, म्हणजे कोणत्या पिढीचा, आणि कोणाच्या मागून कोण, हे सारे अंताजीने एका मोहोरबंद यादीत लिहोन ठेविले होते. पंतांनी ती याद उघडली, तो सर्व पिढ्या पाच पाच वर्षांच्या जुन्या. पंत हसले. म्हणाले, अंताजी आळशी तो आळशीच, सारे म्हातारे गोळा केले आहेत. आपण सगळे ताजे बोलवू. आणि याद फेकून दिली, आणि टापटिपीची हौस म्हणोन कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि कोठारास हुकूम सोडला की जो तो आपल्या सर्वांत नव्या पिढीने हजर व्हावा.

मग काय विचारता. पंतांनी सरदार बोलाविले नऊ. प्रथम ध्वनिराव निघाले, आवाज वाचण्यात पटाईत. ते वेशीवर उभे राहोन म्हणाले की आमचे गणितराव आल्याखेरीज आम्ही पाऊल टाकीत नाही. गणितरावांस बोलाविले तो ते म्हणाले आमचे भालदार आठ, त्यांस आधी जागा द्या. भालदारांचे पाणके, पाणक्यांचे मेहुणे, मेहुण्यांची छत्री धरणारे, ऐसे करिता करिता सातशे त्रेचाळीस असामी लॅपटॉपात दाखल जाहली, आणि त्यांतील एकास तर विचारले की तुझे काम काय, तर तो म्हणाला, अंक विषम आहे की नाही ते मी सांगतो, आणि सम आहे की नाही ते सांगणारा माझा भाऊ मागून येतो आहे. येवढी गर्दी जाहल्यावर यंत्राचा पंखा नगाऱ्यासारखा वाजू लागला आणि लॅपटॉप ऐसा तापला की सगुणाबाईंनी बाळंतिणीची शेगडी विझविली, बाळाची ओली दुपटी त्यावर वाळत घातली, आणि उरलेल्या उबेवर एक वाटी तूप कढवून घेतले. आणि इतुके होऊन फळ काय, तर पडद्यावर तांबडी अक्षरे, वीतभर नव्हे, हातभर, आणि सर्वांच्या खाली येवढेच की काम होणार नाही. कारण ऐसे की ध्वनिरावांस गणितरावांची दुसरी पिढी पाहिजे आणि स्वरराव म्हणोन जे दुसरे सरदार, बोलण्यास सूर देणारे, त्यांस तिसरी. आणि एका दरबारी गणितराव एकच बसू शकत. दुसरी आणावी तर स्वरराव रुसून पागोटे आपटीत, तिसरी आणावी तर ध्वनिराव उठून चालू लागत. पंतांनी एकाची मनधरणी करावी तो दुसरा फुगावा. लग्नघरी व्याह्यांचे मानपान पुरवले, पण हे नको, ऐसे जाहले.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. सटवीची पूजा जाहली, तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेविली, तेव्हां पंतांनी हळूच लॅपटॉपही नेऊन ठेविला की बाळाचे नशीब लिहिता लिहिता जमले तर इकडेही दोन ओळी लिहाव्या. तिने लिहिल्या नाहीत. पंतांनी सर्व असामी हाकून द्यावी, पुन्हा बोलवावी, पुन्हा तांबडी अक्षरे यावी. कचेरीची रजा सरत चालली, दाढी वाढली, ताट वाढले तरी पंत ‘आलोच’ म्हणत आणि भात गार होई. अक्कासाहेब ताट झाकून ठेवीत आणि पाटी उभी करून जात, तीवर ‘जेव’ येवढेच. पंत न पाहताच अंगठा दाखवीत. आठव्या दिवशी सगुणाबाई बाळास मांडीवर घेऊन बाहेर आल्या, घटकाभर तो तमाशा पाहिला, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “मी एक बाळ नऊ महिन्यांत आणले. तुमच्या पाहुण्यांचे कुठवर आले?” अक्कासाहेबांचे खांदे हसण्याने हलले, आणि मग त्यांनी पाटीवर लिहिले, ‘ज्याने यंत्र केले त्याला विचार.’ पंत म्हणाले की त्यास कसे विचारू, कचेरीत मीच त्यास नेहमी ऐकवीत असे की जुने कवटाळू नकोस, नवे घे. अक्कासाहेबांनी ती ओळ पुसली नाही, फक्त खाली रेघ ओढली.

तेव्हां पंतांनी मान गुंडाळून ठेविला आणि विलायतेस अंताजीस निरोप धाडला, झालेली चूक जशीच्या तशी कबूल केली. अंताजी मोठ्या मनाचा. त्याने टोमणा एकच लिहिला, “पंत, ते म्हातारे एकमेकांशी भांडायचे थांबले होते, म्हणून ठेवले होते,” आणि सोबत मोहोरबंद याद पुन्हा पाठविली. आणि युक्ती सांगितली की या मंडळीस मुख्य दरबारी बसवू नका, त्यांजकरिता वेगळी राहुटी ठोका, म्हणजे बाहेर जगात कोणाच्या कितव्या पिढ्या नांदतात याची त्यांस वार्ताही लागणार नाही. पंतांनी तसेच केले. सातशे त्रेचाळीसांस निरोप दिला, राहुटी ठोकली, आणि याद वाचीत एकेकास हाक घातली. आणि काय नवल सांगावे, म्हातारे आपापल्या काठ्या टेकीत आले, एकमेकांस रामराम केला आणि आपापल्या जागी बसले. एकूण एकेचाळीस. पंख्याचा नगारा थांबला. दहाव्या दिवशी दोन प्रहरी एकच जागा रिकामी राहिली.

ती जागा शेवटच्या ओळीतील मानकऱ्याची. तो लहानसा, अकरा ओळींचा, काम येवढेच की मराठी जोडाक्षर कोठे जोडावे आणि कोठे तोडावे हे यंत्रास सांगणे. तो नसता यंत्र ‘विश्वास’ यास ‘विश वास’ म्हणे. त्यास हाक घातली तर कोठारातून उत्तर आले की हा गृहस्थ येथे राहत नाही, मालकाने परत नेला. परंतु यादीत त्याचे नावासमोर मालकाची एक ओळ अंताजीने उतरून ठेविली होती: अडचण आल्यास शाळा सुटल्यावर फोन करावा, आचरेकर गुरुजी, आणि क्रमांक. पंतांनी शाळा सुटण्याच्या सुमारास फोन केला. गुरुजी तळकोकणातले, समुद्राकाठच्या गावचे, शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे जाहलेली. पंतांचे सारे बोलणे त्यांनी गावच्या धक्क्यावर उभे राहोन ऐकले, मागे लाटांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “म्हणजे ते कोणी वापरत होते?” पंत म्हणाले की होय, वापरत होते. तेव्हां गुरुजींनी सांगितले की शाळेत यंत्राकडून हजेरी घेण्याचा प्रयोग केला होता, आणि चौथीतील एका मुलीचे नाव यंत्राने ऐसे मोडले की सारा वर्ग हसला आणि ती रडली, दुसरे दिवशी शाळेत आली नाही. म्हणोन रविवारी बसून त्या अकरा ओळी लिहिल्या. सोमवारी तिच्या घरी जाऊन तिला आणले आणि तिचे नाव यंत्राकडून नीट म्हणवून दाखविले. पुढे चार वर्षे कोणाचे पत्र नाही, तेव्हां वाटले की उगाच लोकांच्या कोठारात आपली अडगळ कशास. म्हणोन काढून घेतले. पण टाकले नाही, बिस्किटांच्या डब्यात पेनड्राइव्हवर आहे. आणि विचारू लागले की बाळाचे नाव काय ठेवणार, ते सांगा, म्हणजे मी त्यावरच पारखून पाठवितो.

येथे पेच पडला. पंतांनी अक्कासाहेबांकडे पाहिले. अक्कासाहेबांनी लिहिले, ‘कानात पडेपर्यंत नाही.’ पंत म्हणाले, अक्का, अवघड नाव असेल आणि ऐन वेळी मोडले तर. अक्कासाहेबांनी ‘नाही’वर खडू पुन्हा फिरविला. पंतांनी भीतभीत हे गुरुजींस कळविले, तो गुरुजी आनंदले आणि म्हणाले, “बरोबर आहे बाईंचे. मग असे करा, यंत्राकडून ‘कार्त्स्न्य’ म्हणवून घ्या. तेवढे त्याला आले तर पृथ्वीवर कोणत्याही मुलीला रडावे लागणार नाही.” गावात रेंज धक्क्याच्या टोकास, आणि तीही ओहोटी असता; दुसरे दिवशी समुद्र चढता राहिला. तेव्हां बाराव्या दिवशी सकाळी गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे राहिले, एका हाती धोतर, एका हाती फोन, आणि त्या अकरा ओळी रवाना केल्या. त्या येताना थोड्या ओल्या आल्या ऐसे पंत अद्यापि शपथेवर सांगतात.

बारशाचा मुहूर्त दोन प्रहरचा. पाळणा सजला, बायका जमल्या, गोदूताई पैठणी नेसून तयार बसल्या की न जाणो. पंतांनी अकरा ओळींस राहुटीत नेऊन शेवटच्या जागी बसविले, हुकूम दिला, आणि पडद्यावर तांबडे काही उमटले नाही. हिरवे उमटले. त्यांनी हळूच टंकले, ‘कार्त्स्न्य’. आणि दीड वर्षाने त्या राज्यात अक्कासाहेबांचा आवाज जाहला. त्या आवाजाने जन्मात कधी जो शब्द उच्चारला नव्हता तो स्वच्छ, ठसठशीत, एकही अक्षर न सांडता उच्चारला, आणि मुदपाकखान्यात कढईत सोडलेली पुरी उलटावयाची विसरून सगळ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. खालील गल्लीत म्हणे एक रिक्षा बाजूस जाहली. मग अक्कासाहेब बाहेर आल्या. पिठाचे हात पदरास पुसले. यंत्रासमोर बसल्या आणि घटकाभर नुसते त्याकडे पाहत राहिल्या, जसे दूरदेशी गेलेले मनुष्य दारात उभे असावे. सर्वांस वाटले की आता पाळण्याकडे यंत्र न्यावे, आता नाव येणार. बायकांनी धपाट्यास हात उगारले. अक्कासाहेब एका बोटाने, शोधून शोधून अक्षरे दाबू लागल्या. आणि यंत्र बोलले,

“विसू, जेवलास का?”

पंतांचा अंगठा सवयीने वर येत होता, तो मध्येच थांबला. मग पंत म्हणाले, “नाही गं अक्का. काल दुपारपासून नाही.” चारशे बारा निरोपांचे ते पहिले उत्तर. अक्कासाहेबांनी पुन्हा एका बोटाने टंकले, आणि यंत्र म्हणाले, “मग आधी जेव. बाळ थांबेल.” आणि खरोखरच मुहूर्त थांबला. पंत पाटावर बसले, अक्कासाहेबांनी गरम वरणभात वाढला, आणि पंत खाली मान घालोन जेवले, आणि भाताला मीठ पुरेसे होते तरी त्यांस ते अंमळ जास्त लागले. मग बारसे जाहले. बाळाच्या कानाशी यंत्र धरले, अक्कासाहेबांनी नाव टंकले, आणि यंत्राने ‘कुर्रर्र’ करून हळूच सांगितले, ज्योत्स्ना. त्स्न अखंड, कोठे तडा नाही. बायकांनी अक्कासाहेबांच्या पाठीत ऐसे धपाटे घातले की हातातील पाटी खाली पडली. गोदूताईंनी सर्वांत जोराचा घातला. सगुणाबाईंनी विचारले की हेच नाव का, तेव्हां अक्कासाहेबांनी पाटी उचलून लिहिले, ‘लहानपणी मला हवे होते. द्वारका ठेवले. ते मी विसरले नव्हते.’

येणेप्रमाणे बारा दिवसांचे वर्तमान. नवे बोलाविले सातशे त्रेचाळीस, कामी आले जुने एकेचाळीस आणि अकरा ओळी. मोहोरबंद याद पंतांनी छापोन पाळण्याच्या गादीखाली ठेविली आहे, तीस कोणी हात लावू नये. बारशाचा आवाज आचरेकर गुरुजींस धाडला. त्यांनी तो धक्क्याच्या टोकास जाऊन ऐकला आणि त्या अकरा ओळी सर्वांकरिता पुन्हा कोठारात ठेविल्या. यंत्र अद्यापि चालू आहे. रोज दुपारी कचेरीत निरोप येतो, आणि पंत तो शेवटपर्यंत ऐकतात, आणि काय जेवलो ते भाजीसह बोलून कळवितात.